पैलवान आणि साखर

त्या सकाळी साखर दिसेना, तेव्हा सुनेला आधी वाटलं की ती नेहमीसारखी रुसून दगडामागे पडली असेल. ऑस्कर जातीच्या माशांना रुसायची खोड असते. टाकीतला दगड हलवा, पाणी बदला, खाणं जरा उशिरा द्या, की कुशीवर आडवे होऊन मेल्याचं सोंग घेतात. पहिल्यांदा साखरेने असं केलं तेव्हा सासूने, म्हणजे टेलरबाईंनी, घर डोक्यावर घेतलं होतं, आणि त्यांचा मुलगा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला होता.

पण साखर दगडामागे नव्हती. फिल्टरच्या नळीमागे, टाकीच्या कोपऱ्यात ती उभ्याने अडकून राहिली होती. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. डाव्या अंगावरचे खवले उडाले होते आणि खालची गुलाबी कातडी दिसत होती. डावा डोळा चुन्याचं पाणी पडावं तसा पांढुरका झाला होता. आणि समोर टाकीतला दुसरा मासा, पैलवान, सावकाश फेऱ्या घालत होता. काळं अंग, त्यावर विस्तवासारखे लाल डाग, साखरेच्या दुप्पट आकार. ती जरा हलली की तो वळायचा.

"आई, जरा इकडे या," सून म्हणाली. एवढंच. पण आवाज असा होता की टेलरबाई सुईत ओवलेला दोरा तसाच सोडून उठल्या.

गल्लीत सगळे त्यांना टेलरबाईच म्हणत. इतकी वर्षं ऐकून त्यांनाही त्याची सवय झाली होती. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं वाटून त्या पुढे चालत राहायच्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन, शेजारी कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन, आणि समोरच्या भिंतीला मुलाची चार फुटी टाकी. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. चौदा महिन्यांपूर्वी एका इमारतीत बंद पडलेली लिफ्ट चालू करायला गेला, सातव्या मजल्यावर छातीत दुखायला लागलं म्हणून जिन्यात बसला, आणि बसल्या जागी गेला. पस्तीस वर्षांचा होता. सून औषधांच्या दुकानात बिलं करायची. मुलगा गेल्यावर ती कामावर परत जायला लागली ती पंधराव्या दिवशी. तेव्हापासून दोघी एका घरात राहत होत्या. एकमेकींना चहा करून देत होत्या, दुखलंखुपलं विचारत होत्या. भांडण कधीच झालं नाही. भांडायला जी एक ऊब लागते तीसुद्धा दोघींमध्ये उरली नव्हती.

पैलवान मुलाने लग्नाआधी आणला होता, बोटाएवढा असताना. साखर आणली लग्नानंतर, बायकोला आवडली म्हणून. सायीच्या रंगाची, कडेकडेने नारिंगी झाक असलेली. दोघं वाढतील तसा हा संसार चार फुटांत मावणार नाही हे त्याला कळत होतं. सहा फुटी टाकी घ्यायची म्हणून त्याने भिंत मोजून पेन्सिलने खुणाही करून ठेवल्या होत्या. पुढचं राहून गेलं.

ज्या दुकानातून मासे आणले होते तिथे सुनेने फोन लावला. त्या दुकानदाराला 'मासेवाले' म्हटलेलं खपत नसे. मासेवाले म्हटलं की लोक फोनवर ताजे आहेत का विचारतात आणि साफ करून द्याल का म्हणतात, अशी त्याची तक्रार होती. म्हणून सगळे त्याला ॲक्वेरियमवाले म्हणत. त्याने सांगितलं की जाळीने पकडू नका, उरलेलं शेपूटही फाटेल. डब्याने पाण्यासकट उचला. वेगळ्या टबात ठेवा. हवेचा पंप सोडा. साधं मीठ, आधी विरघळवून. दोन थेंब निळं औषध. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आणि वरून झाका, हे मासे उडी मारतात.

घरात मोठा टब एकच होता, टेलरबाईंचा. कापायच्या आधी कापड भिजत घालायचा. त्यांनी तो साबण न लावता कढत पाण्याने तीनदा खंगाळला आणि स्वतः उचलून आणला. सुनेने बिस्किटांचा प्लास्टिकचा डबा पाण्यात सोडला आणि इतक्या हळू साखरेखाली नेला की साखरेला तो कळलाच नाही. टबात सोडल्यावर ती तळाशी गेली आणि उजव्या कुशीवर पडून राहिली. या वेळी ते सोंग नव्हतं.

निळ्या औषधाने पाणी आभाळासारखं झालं आणि सायीच्या रंगाची साखर त्यात निळसर दिसायला लागली. सुनेची बोटंही निळी झाली. टेलरबाई म्हणाल्या, पाणी मी बदलेन, पण मग आठ दिवस पांढऱ्या कापडाला हात लावायला नको. त्यांनी खरोखरच पांढरी कामं मागे टाकली. सून दिवसभर दुकानात, तेव्हा पाणी बदलायचं काम आपोआप त्यांच्याकडेच आलं. गुडघा दुखायचा, तरी टबापाशी वाकून मगाने पाणी काढायच्या, कडेने ओतायच्या. कापडावर खुणा करायच्या खडूने टबाच्या बाहेरून रोज एक रेघ मारायच्या, म्हणजे कितवा दिवस ते विसरायला नको.

तिसऱ्या दिवशी जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरली. सून ते बघून नुसती टबाशेजारी बसून राहिली. टेलरबाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून ॲक्वेरियमवाल्यांना फोन केला आणि इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, बाई, मी फक्त मासे विकतो, मी त्यांचा डॉक्टर नाही. पण औषध चालू ठेवा, असंही म्हणाला. सहाव्या दिवशी कापूस गळून पडला. सातव्या दिवशी टेलरबाईंनी सोललेल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पाण्यात धरला. साखरेने तो ओढला, थुंकला, पुन्हा ओढला आणि गिळला. त्यांनी लगेच सुनेच्या दुकानात फोन लावला. "खाल्लं," त्या म्हणाल्या. पलीकडून सून म्हणाली, "आई, मी आज लवकर येते."

त्या संध्याकाळी दोघी दोन स्टुलं घेऊन टबापाशी बसल्या. शेपटीच्या कडेला नवा पडदा येत होता, इतका पातळ की प्रकाशात धरलेल्या ट्रेसिंग पेपरसारखा. तो बघता बघता मुलाचा विषय निघाला. चौदा महिन्यांत तो असा निघाला नव्हता. सुनेने सांगितलं की लग्न ठरल्यावर त्याने तिला पहिल्यांदा फोन केला तो पैलवानाला दाणे कोणते चांगले हे विचारायला. ती औषधांच्या दुकानात काम करते म्हणजे तिला माहीत असेल, असं म्हणाला. टेलरबाई हसल्या. लहानपणी त्याने मशीनच्या पट्ट्यावर गरम इस्त्री ठेवून तो कसा वितळवला ते त्यांनी सांगितलं. दोघी हसल्या, आणि हसताना टेलरबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सुनेने पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी त्या तशाच बसत होत्या. टेलरबाईंना दिवसभर त्या वेळेची ओढ लागायला लागली. साखर बरी होत होती आणि त्यांना मनातून वाटत होतं की जरा सावकाश बरी झाली तरी चालेल.

बाराव्या दिवशी निळं औषध संपलं. दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर एक उंच माणूस उभा होता, कानांपाशी केस पिकलेले, हातात छोटी बाटली. सुनेच्या दुकानातला फार्मासिस्ट. याच बाजूला काम होतं म्हणून तिने बाटली माझ्याकडे दिली, असं तो म्हणाला. टेलरबाईंनी आत या म्हटलं. तो दोन पावलं आत आला, टब पाहिला आणि विचारलं, "साखर अजून उजव्या कुशीवरच झोपते?"

टेलरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बोलता बोलता कळलं की त्याला बरंच ठाऊक होतं. कोळंबी त्या स्वतः सोलतात ते, खडूच्या रेघा मारतात ते, त्यांचा गुडघा जिना चढताना दुखतो तेही. गुडघ्यासाठी एक मलम त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. तो क्षणभर तिथे थांबला, हात पुढे बांधून, आणि निघून गेला. खिडकीतून टेलरबाईंनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी सून टबातल्या पाण्याकडे बघत म्हणाली की त्यांच्या फार्मासिस्टकडे एक टाकी रिकामी पडली आहे, त्याच्या वडिलांची. साखर बरी झाली तरी तिला पैलवानाबरोबर ठेवता येणार नाही. तो म्हणाला, आणून ठेवा, मी बघेन.

"साखर या घरातली आहे," टेलरबाई म्हणाल्या. "घरातलं घरात राहू दे."

सुनेने हळूच विचारलं की मग पैलवानाला द्यायचं का. ॲक्वेरियमवाले घेतील म्हणाले आहेत.

टेलरबाईंनी मागे वळून पाहिलं. पैलवान त्यांच्या पाठीमागे काचेला तोंड लावून उभा होता. त्यांचा मुलगा कामावरून आला की बूट काढायच्या आधी टाकीपाशी जायचा, आणि हा मासा पाण्याबाहेर डोकं काढून त्याच्या बोटांतून दाणे घ्यायचा. त्या म्हणाल्या, "त्याचा हात लागलाय त्याला."

सून म्हणाली, बरं.

टाकीत मधोमध जाळी लावायची, एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला साखर, हा तोडगा टेलरबाईंचाच. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ॲक्वेरियमवाल्यांकडे गेल्या, टेपने मोजून आणलेलं माप कागदावर लिहून. त्याने प्लास्टिकची भोकांची जाळी कापून दिली, काचेला चिकटवायचे रबरी कप दिले. पैसे घेतल्यावर म्हणाला, "बाई, एक सांगतो. हा मासा दगड ढकलतो. या कपांवर जाळी किती दिवस तग धरेल याची खात्री मी देत नाही. माझं ऐकाल तर दोघांपैकी एकाला घराबाहेर काढा."

टेलरबाईंनी मान हलवली आणि जाळी पिशवीत घातली. घरी आल्यावर सुनेने विचारलं, काय म्हणाले? "होईल म्हणाले," टेलरबाईंनी सांगितलं.

सतराव्या दिवशी साखर टाकीत परत गेली. शेपूट पूर्ण भरलं नव्हतं, पण नव्या पडद्यावर कडेने नारिंगी रंग उतरायला लागला होता. डावा डोळा गेला तो गेलाच, पांढरा मणी होऊन राहिला. सून रोज कामावर जायच्या आधी सगळे कप अंगठ्याने दाबून बघायची. पैलवान अधूनमधून जाळीला थोबाडाने धक्के द्यायचा, धप्, धप्, मग कंटाळून मागे जायचा. टेलरबाईंना मशीन चालवताना त्या आवाजाची सवय झाली. नऊ दिवस सगळं सुरळीत गेलं. त्या म्हणायच्या, बघ, शिकला की नाही तो. सून म्हणायची, हो आई.

दहाव्या दिवशी टेलरबाईंकडे घाईचं काम होतं. एका दवाखान्याचे बारा पांढरे कोट, दुसऱ्या दिवशी सकाळी हवे होते. जेवण झाल्यापासून ओव्हरलॉक चालू होतं. ते मशीन चालू असलं की दारावरची थापही ऐकू येत नाही. तीनच्या सुमारास दोऱ्याचा कोन संपला म्हणून त्यांनी पाय काढला, आणि खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत पाणी खळबळल्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली.

जाळी टाकीत तिरकी आडवी पडली होती. साखर वरच्या कोपऱ्यात होती आणि पैलवान तिला पोटाकडून मारत होता, पुन्हा पुन्हा, घाई न करता.

टेलरबाईंना डबा आठवला नाही, स्टूल आठवलं नाही. त्यांनी बाहीसकट हात पाण्यात घातला. पैलवानाने त्यांच्या मनगटावर धडक दिली. दोन्ही हातांनी साखरेला उचलून त्यांनी टबात घातलं, तेव्हा टबात पुढच्या कामाचं कापड भिजत होतं. त्यांनी कापड ओढून बाहेर फेकलं, टाकीतलं पाणी मगाने भरभर ओतलं. मग फोन लावला. फोन फार्मासिस्टने उचलला. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला घरी पाठवा." तो म्हणाला, "लगेच."

सून आली ती जिना पळत चढून. तिने टबात पाहिलं आणि टाकीकडे एकदाही पाहिलं नाही. मीठ विरघळवलं, पंप लावला, खिडकीचा पडदा ओढून घेतला. साखरेचे कल्ले हलत होते, पण मध्येच थांबायचे. तिला सरळ राहता येत नव्हतं, म्हणून सुनेने पाण्यात हात घालून तळव्यावर तिला सावरून धरलं. अशी ती दोन तास बसली. टेलरबाई मागे उभ्या होत्या. एकदा त्यांनी म्हटलं, मी धरते, तुझा हात अवघडला असेल. सुनेने मान हलवली, नको. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. कल्ले एकदा हलले, मग बऱ्याच वेळाने एकदा, मग नाही. सुनेने हात बाहेर काढला नाही. पाण्यात तिची बोटं सुरकुतली होती.

"मला सांगितलं होतं त्यांनी," टेलरबाई म्हणाल्या. "जाळी टिकणार नाही म्हणून. दुकानातच सांगितलं होतं. मी तुला बोलले नाही."

"मला माहीत होतं," सून म्हणाली. "मला त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?" टेलरबाईंनी विचारलं.

सून साखरेकडेच बघत होती. "तुम्हाला नाही म्हणायला मला जमत नाही, आई. ते गेल्यापासून नाहीच जमत."

त्यात राग नव्हता. राग असता तर टेलरबाईंना काहीतरी धरायला मिळालं असतं. त्या जाऊन कात्री घेऊन आल्या. समोर जे कापड होतं त्याचा चौकोन कापला. साखरेला त्यात गुंडाळून दोघींनी इमारतीच्या मागे, भिंतीकडेच्या झाडाखाली पुरलं. माती कडक होती. सून उलथन्याने आणि टेलरबाई कात्रीने उकरत होत्या. त्या कात्रीने त्यांनी कधी कुणाला कागदसुद्धा कापू दिला नव्हता. रात्री लक्षात आलं की कापलेलं कापड कोटाचं होतं, आणि बाराव्या कोटाला खिसा कमी पडला. दवाखान्याने विचारलं तेव्हा त्यांनी चुकून राहिला असं सांगितलं.

त्यानंतर सून पूर्वीसारखीच वागत होती. चहा करून देत होती, गुडघ्याला मलम लावून देत होती. टबावरच्या खडूच्या रेघा तिनेच पुसल्या. पण टेलरबाईंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. मशीनवर बसलं की तेच. आपण या पोरीला काय काय म्हणालो आणि ती काय काय बरं म्हणाली, ते त्या एकेक आठवायला लागल्या. माहेरी महिनाभर जाऊन येते म्हणाली होती, तेव्हा आपण म्हणालो की मला एकटीला घर खायला उठतं. बरं, म्हणाली. दुकानाच्या दुसऱ्या शाखेत वरची जागा मिळत होती, लांब पडेल म्हणालो. बरं, म्हणाली. संध्याकाळी उशीर झाला तर कुणी सोडायला येतं का, असं आपण एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यानंतर तिला कधीही उशीर झाला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. टेलरबाई चिमट्यांचा डबा घेऊन शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक चिमटा हातात देत होत्या. मग म्हणाल्या, "तो फार्मासिस्ट. त्याने तुला विचारलंय का काही?"

सुनेचा हात दोरीवर थांबला. ती म्हणाली, "मागच्या पावसाळ्यात."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझ्यावर घर आहे."

टेलरबाईंनी पुढचा चिमटा दिला नाही. "तू हो म्हण त्याला," त्या म्हणाल्या.

सुनेने वळून पाहिलं. तिचा चेहरा एकदम असा झाला की टेलरबाईंना वाटलं, आपण पुन्हा काहीतरी मोडलं. "मला जा म्हणताय?"

"नाही गं. जा म्हणत नाही. अडवत होते, ते आता अडवत नाही. एवढंच."

मुलगा गेला त्या दिवशी सून लोकांसमोर रडली नव्हती. नंतरही टेलरबाईंनी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आता ती ओला टॉवेल तोंडावर दाबून रडली, खाली बसून, गॅलरीच्या कठड्याला टेकून. टेलरबाईंना गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं. त्या उभ्यानेच तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि समोरच्या गॅलरीतली बाई बघत होती तर बघू दिलं.

लग्न साधंच झालं, कचेरीत सह्या करून. ड्रेस टेलरबाईंनी शिवला. सुनेचं माप त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी तिला मशीनपाशी उभं केलं आणि टेप लावला. खांदा, छाती, कंबर. चार वर्षांपूर्वीच्या, पहिल्या लग्नाच्या वेळच्या मापापेक्षा कंबर दीड इंच कमी निघाली. इतकी वाळली आणि आपल्या ध्यानात आलं नाही. त्यांनी टेप कमरेभोवती धरून ठेवला, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. सुनेने विचारलं, झालं का आई? त्या म्हणाल्या, थांब, पुन्हा एकदा बघते.

फार्मासिस्टने त्यांनाही घरी न्यायची तयारी दाखवली होती, आणि ती तोंडदेखली नव्हती. टेलरबाई म्हणाल्या की गिऱ्हाइकं इथे आहेत, मशीन इथे आहे. मुलगा इथे आहे, हे त्या बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी सुनेने टाकीचं काम समजावून सांगितलं, फिल्टर कधी धुवायचा, दाणे किती. पैलवानासमोर ती थोडा वेळ उभी राहिली. टेलरबाईंना वाटलं आता ती काही बोलेल. ती म्हणाली, "त्याचा राग करू नका, आई. त्याला जागा पुरत नव्हती." मग तिने बॅग उचलली.

पैलवान राहिला. टेलरबाई त्याला वेळेवर दाणे टाकतात, ठरल्या दिवशी पाणी बदलतात. सगळी टाकी आता त्याचीच आहे, पण तो बहुतेक वेळ एकाच कोपऱ्यात असतो. त्याच्याकडे फार वेळ बघणं त्यांना जमत नाही, आणि त्याला देऊन टाकणंही जमत नाही. दुपारी ओव्हरलॉक चालू असलं की त्या मध्येच पाय काढतात आणि ऐकतात. काही नसतं, पंपाचा आवाज असतो.

सुनेचा फोन रोज येतो, संध्याकाळी, टबापाशी बसायच्या त्याच वेळेला. लग्नाला दीड महिना झाला असेल. ती नव्या घरातलं काहीबाही सांगत होती. स्वयंपाकघरात ऊन कसं येतं, दुकानातून घरी चालत येता येतं. आणि मग बोलता बोलता म्हणाली, "काल मला बरं नव्हतं ना, तर सासूबाई म्हणाल्या, आज तू उठायचं नाहीस, मी बघते सगळं."

टेलरबाईंना वाटलं, आपण कधी असं म्हणालो? त्या आठवायला लागल्या. काल तर आपण फोनवर एवढंच विचारलं होतं की ताप आहे का. मग त्यांच्या लक्षात आलं, सासूबाई म्हणजे आता फार्मासिस्टची आई.

पलीकडे सून बोलायची थांबली होती. तिच्याही लक्षात आलं असावं.

टेलरबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "मग?" त्या म्हणाल्या. "अजून काय म्हणाल्या सासूबाई?"